तंबू कुठे टाकायचा? फील्ड कॅम्पची जागा आणि तुमचा डेटा

पेट झाली, कोर्सवर्क सुरू आहे, विषय जवळपास ठरलाय आणि गाईडनी सांगितलंय, "एकदा फील्ड बघून या." मग आपण काय करतो? दोन मित्र, एक गाडी, एक तंबू. राधानगरीकडे निघायचं, पाण्याकाठी छान सपाट जागा दिसली की तिथे मुक्काम ठोकायचा. सहलीसाठी हे ठीक आहे. पण त्याच जागेवरून पुढची दोन-तीन वर्षं डेटा गोळा होणार असेल, तर तो निर्णय इतक्या सहज घेऊन चालत नाही.

या लेखात एकच गोष्ट पटवून द्यायची आहे. कॅम्पची जागा हा राहण्या-खाण्याचा प्रश्न आहेच, पण तो संशोधनपद्धतीचाही भाग आहे. तुम्ही रात्री जिथे झोपता तिथून सकाळी कुठवर पोचता येतं, हे ठरतं. जिथे वेळेत पोचता येतं तिथलाच डेटा भरपूर आणि चांगला मिळतो. म्हणजे तंबूची जागा निवडताना तुम्ही नकळत सॅम्पलही निवडत असता. शिवाय जागा चुकली तर जिवावर बेतू शकतं. या दोन्ही बाजू एकत्र बघूया.

आधी आपला परिसर

उदाहरणं आपल्याच जिल्ह्यातली घेतो. कोल्हापूरच्या पश्चिमेला जंगल आणि तलाव शेजारी-शेजारी आहेत. भोगावती नदीवरचं राधानगरी धरण राजर्षी शाहू महाराजांनी हाती घेतलं, त्याचा जलाशय म्हणजे लक्ष्मी तलाव. दुधगंगेवर काळम्मावाडी धरण आहे, तुळशी नदीवर तुळशी धरण आहे. त्याच भागात राधानगरी अभयारण्य आहे. १९५८ साली ते दाजीपूर गवा अभयारण्य म्हणून जाहीर झालं, पुढे १९८५ मध्ये विस्तार होऊन क्षेत्र ३५१.१६ चौरस किलोमीटर झालं. २०१२ मध्ये युनेस्कोने पश्चिम घाटातल्या ३९ स्थळांना जागतिक वारशाचा दर्जा दिला, त्यात महाराष्ट्रातली चार आहेत: कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी.

इथे थोड्या अंतरात खूप काही बदलतं. कोल्हापूर शहरात वर्षाला साधारण १००० मिलिमीटर पाऊस पडतो. तिथून ५५ किलोमीटरवरच्या गगनबावड्याला तो ५००० च्या पुढे जातो. घाटमाथ्यावर जांभ्या खडकाचे उघडे सडे, त्यांच्या कडेने खाली दाट सदाहरित झाडी, आणखी खाली जलाशय, जलाशयाकाठी शेती आणि वाड्या. दोन-तीन तासांच्या चालीत तीन-चार वेगवेगळे अधिवास. अभ्यासासाठी हे सोनं आहे. पण म्हणूनच इथे कॅम्पची जागा चार किलोमीटर इकडे-तिकडे झाली की डेटाचं चित्रही बदलतं.

जागा डेटा कसा बदलते

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. समजा, तुमचा प्रश्न असा आहे: जलाशयाकाठच्या जंगलात पक्षी जास्त की वरच्या जंगलात? तुम्ही दहा प्लॉट घेतले, पाच पाण्याजवळ आणि पाच वर. कॅम्प मात्र पाण्याकाठी लावला, कारण तिथे सपाट जागा आहे आणि गाडी तंबूपर्यंत जाते.

सकाळी सव्वासहाला सुरुवात. जवळच्या प्रत्येक प्लॉटवर दहा मिनिटं मोजणी, मग पुढच्या प्लॉटपर्यंत दहा मिनिटं चाल. आठ वाजेपर्यंत पाच प्लॉट झाले. आता वर जायचं. चढाच्या जंगलवाटेवर सामान घेऊन ताशी दोन किलोमीटर गेलात तरी खूप झालं. तीन किलोमीटरला दीड तास. साडेनऊला वरचा पहिला प्लॉट सुरू होतो, शेवटचा सव्वाअकराच्या आसपास संपतो.

पक्षी पहाटेपासून सूर्योदयानंतरच्या दोन-अडीच तासांत सर्वात जास्त हालचाल आणि आवाज करतात. ऊन चढलं की शांत होतात. म्हणजे खालच्या प्लॉटना रोज गजबजलेली वेळ मिळाली आणि वरच्यांना रोज सुस्तावलेली. तीन महिन्यांनी आकडेवारी केली, तर जलाशयाकाठी पक्षी ठळकपणे जास्त दिसणार. पी-व्हॅल्यू एकदम छान येणार. पण तो फरक जंगलाचा आहे की घड्याळाचा? या डेटावरून सांगताच येत नाही. पाण्यापासूनचं अंतर, समुद्रसपाटीपासूनची उंची आणि मोजणीची वेळ या तीन गोष्टी एकमेकींत अडकल्या आहेत. संख्याशास्त्रात याला कन्फाउंडिंग म्हणतात. नंतर कितीही भारी मॉडेल लावा, ही गाठ सुटणं अवघड, कारण वरच्या प्लॉटवरची सकाळी साडेसहाची एकही नोंद तुमच्याकडे नाही.

लक्षात घ्या, इथे कुणी आळस केलेला नाही. रोज दहाच्या दहा प्लॉट केले आहेत, नोंदी प्रामाणिक आहेत. फक्त तंबू एका टोकाला होता.

हा प्रश्न आपल्यापुरता नाही. वनस्पतींचे नमुने असोत की प्राण्यांच्या नोंदी, रस्ते, विश्रामगृहं आणि संशोधन केंद्रांच्या आसपास त्यांची गर्दी असते आणि दूरचा प्रदेश रिकामा राहतो, हे जगभर दिसतं. पनामाचं उदाहरण बघा. पनामा कालव्यासाठी चाग्रेस नदीवर धरण बांधलं आणि १९१३ मध्ये गातून जलाशय भरला. त्या पाण्यात एक डोंगरमाथा बेट होऊन उरला, तो म्हणजे बारो कोलोराडो. १९२३ मध्ये तो संशोधनासाठी राखून ठेवला, १९४६ पासून तो स्मिथसोनियन संस्थेकडे आहे. उष्णकटिबंधीय जंगलाबद्दल आपण पुस्तकात जे वाचतो, त्यातलं बरंच या एका बेटावरच्या कामातून आलं आहे. बेट उत्तम आहे, काम उत्तम आहे. तरीही ते एक बेट आहे आणि त्याच्या चारही बाजूंना माणसाने साठवलेलं पाणी आहे, हे निष्कर्ष वाचताना विसरून चालत नाही.

क्रम महत्त्वाचा: आधी प्लॉट, मग तंबू

यावरचा उपाय साधा आहे आणि तो घरी बसूनच सुरू होतो. कॅम्पची जागा शोधायच्या आधी प्लॉट ठरवा.

भारतीय सर्वेक्षण विभागाचे नकाशे घ्या, क्यूजीआयएसमध्ये उघडा आणि उंचीचे पट्टे, जंगलाचे प्रकार, पाण्यापासूनचं अंतर यांचे गट पाडा. प्रत्येक गटातून रँडम पद्धतीने प्लॉट काढा. काही कड्यावर येतील, काही दुर्गम ओढ्यात. ते रद्द करावे लागले तर करा, पण कोणते आणि का रद्द केले ते त्याच दिवशी वहीत लिहा. मग उरलेल्या प्लॉटकडे बघून विचारा: कुठे मुक्काम केला तर यातल्या प्रत्येक ठिकाणी सूर्योदयाला पोचता येईल?

एक जागा पुरत नसेल तर दोन कॅम्प करा. मुख्य मुक्काम एका ठिकाणी आणि महिन्यातून काही रात्री दुसरीकडे छोटा मुक्काम. तेही शक्य नसेल तर प्लॉटचा क्रम रोज बदला, म्हणजे लांबचा प्लॉटही काही दिवस पहिल्यांदा होईल. आणि काहीही केलंत तरी प्रत्येक नोंदीसमोर मोजणीची वेळ आणि प्लॉटचं कॅम्पपासूनचं अंतर हे दोन कॉलम ठेवा. हे दोन कॉलम फुकट आहेत आणि व्हायवाला जीव वाचवतात.

जलाशय असेल तर नकाशावर आणखी एक काम आहे. सेंटिनेल-२ उपग्रहाची चित्रं मोफत मिळतात, एका पिक्सेलमध्ये १० मीटर जमीन दिसते आणि दोन उपग्रह मिळून साधारण पाच दिवसांनी एका जागेचं चित्र येतं. जुन्या काळासाठी लँडसॅटची चित्रं १९७२ पासूनची आहेत. तुमच्या तलावाची जानेवारी, मे आणि ऑक्टोबरची चित्रं शेजारी ठेवा. पाणी कुठवर चढतं आणि कुठवर उतरतं हे दिसेल. पावसाळ्यात ढगांमुळे चित्र मिळत नाही, म्हणून ऑक्टोबर.

परवानगी: इथे शॉर्टकट नाही

अभयारण्यात "जाऊन तंबू टाकू" असं काही नसतं. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ च्या कलम २८ नुसार अभ्यास आणि वैज्ञानिक संशोधनासाठी प्रवेशाची परवानगी मिळू शकते, पण ती मागावी लागते. राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांचं कार्यालय नागपूरला आहे. अर्जात प्रश्न, पद्धत, जागा, तारखा, बरोबर येणाऱ्यांची नावं हे सगळं लागतं. नमुने गोळा करायचे असतील तर नुसत्या प्रवेशाच्या परवानगीवर भागत नाही, ते अर्जात वेगळं मागावं लागतं. यात महिने जातात, म्हणून सिनॉप्सिस मंजूर व्हायची वाट बघत बसू नका. गाईडशी बोलून कागद तयार ठेवा.

जलाशयाकाठची जमीन मोकळी दिसते, म्हणून ती कुणाचीच नाही असं वाटतं. तसं नसतं. धरणाची आणि बुडीत क्षेत्राची जमीन जलसंपदा विभागाकडे असते. पाणी उतरल्यावर उघडी पडणारी गाळपेर जमीन अनेकदा कुणीतरी रीतसर कसत असतं. वाडीलगतची जागा खासगी किंवा ग्रामपंचायतीची असू शकते. देवराई असेल तर तिथे मुक्कामाचा विषयच काढू नका.

अभयारण्याला धोका होईल अशी आग पेटवायला कलम ३० ने बंदी आहे. त्यामुळे शेकोटीची कल्पना सोडून द्या आणि स्वयंपाक गॅसच्या छोट्या शेगडीवर, परवानगी असलेल्या जागीच करा.

नकार यादी: ज्यांना गुण द्यायचे नाहीत

पर्याय हाती आले की आपण प्रत्येकाला गुण देतो: दृश्य चांगलं, आठ, रेंज येते, सात, पाण्याचा धोका, तीन. बेरीज केली की एक जागा पहिली येते. या पद्धतीत एक मोठी खोट आहे. एका कॉलमातले जादा गुण दुसऱ्या कॉलमातली कमतरता भरून काढतात. पण मोबाइलची रेंज चांगली आहे म्हणून रात्री पाणी तंबूत येण्याचा धोका कमी होत नाही. म्हणून जिवाशी संबंधित गोष्टींना गुण द्यायचेच नाहीत. त्यांची वेगळी नकार यादी करायची. त्यातल्या एकाही मुद्द्यावर जागा नापास झाली, की ती रद्द.

१. पाणी चढणारी जागा. काठापासून किती मीटर लांब, हा प्रश्न चुकीचा आहे. किती मीटर उंच, हे विचारा. काठाचा उतार विसास एक असेल, म्हणजे २० मीटर चाललं की १ मीटर चढ, तर पाणी १ मीटर वाढलं की काठ २० मीटर आत सरकतो. ३० मीटरवरचा तंबू प्रत्यक्षात फक्त दीड मीटर उंचीवर असतो. खडकावरची जुनी पाणीरेषा, झुडपांत अडकलेला पालापाचोळा आणि उपग्रहाचं चित्र या तिन्ही खुणा जुळवा आणि त्याच्या बऱ्याच वर रहा.

धरणाच्या खालच्या बाजूला नदीकाठ आणखी धोक्याचा. राधानगरी धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. पाणी ठरावीक पातळीला आलं की ते आपोआप उघडतात. एका दरवाजातून १४२८ क्युसेक पाणी सुटतं. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८.३ लिटर, म्हणजे एका दरवाजातून सेकंदाला चाळीस हजार लिटरहून जास्त. दहा हजार लिटरचे चार टँकर दर सेकंदाला. पावसाळ्यात भोगावतीच्या पात्रालगत मुक्काम म्हणजे हे गणित अंगावर घेणं.

२. उघडा सडा. सूर्यास्ताला सावराईसारख्या सड्यावर कुणालाही रहावंसं वाटेल. पण एप्रिल-मेच्या वळवात तिथे सर्वात उंच वस्तू तुमचा तंबू असतो आणि तंबू विजेपासून कसलंच संरक्षण देत नाही. एकट्या झाडाचा आडोसा त्याहून वाईट. गडगडाट ऐकू आला की पक्क्या घरात किंवा बंद गाडीत जायचं, मधलं काही नाही. शिवाय जांभ्यात खुंटी ठोकली जात नाही. आणि पावसाळ्यानंतर सड्याच्या पातळ मातीत ज्या छोट्या वनस्पती येतात, त्यातल्या कित्येक पश्चिम घाटाबाहेर सापडत नाहीत. चार रात्रींचा तंबू त्यांना पुरतो.

३. डोक्यावर काय आहे. वाळकी फांदी, पोखरलेलं झाड, आग्या मोहोळ. धूर आणि तीव्र वासाने आग्या माशा उठतात. तंबू लावायच्या आधी मान वर करून चारी बाजूंनी बघा.

४. जनावरांची वाट. गवा पाण्यावर आणि गवतावर ठरलेल्या वाटांनी येतो. खुरांचे ठसे, शेण, तुडवलेलं गवत दिसलं तर ती वाट त्याची आहे. चंदगड-आजरा बाजूला हत्तीही येतात, तिथे धान्य, गूळ, फळं तंबूत ठेवणं म्हणजे आमंत्रण. अस्वल आणि बिबट्या या पट्ट्यात आहेतच.

५. दवाखान्यापासूनचा वेळ. अंतर नव्हे, वेळ. रात्री दोन वाजता, पावसात, तंबूपासून गाडीपर्यंत किती मिनिटं? गाडीपासून सर्पदंशाची लस उपलब्ध असलेल्या रुग्णालयापर्यंत किती? लस आहे का हे आधी जाऊन विचारा. पुढच्या उपचारांसाठी कोल्हापूरचं सीपीआर गाठायला किती वेळ लागेल तेही मोजा. भारतातली लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांवर चालते. घाटातल्या चापड्याच्या विषावर ती बनवलेली नाही, हेही माहीत असू द्या. मण्यार रात्री फिरते, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते आणि दंश फारसा दुखत नाही, म्हणून कळायला उशीर होतो. चेन पूर्ण बंद होणारा तंबू किंवा खाट आणि नीट खोचलेली मच्छरदाणी, यात तडजोड नाही. १०८ ला फोन लावायला रेंज कुठे मिळते ती जागा सर्वांना पहिल्याच दिवशी दाखवून ठेवा.

६. गोचीड आणि ताप. माकडताप म्हणजे क्यासनूर जंगल रोग, १९५७ मध्ये कर्नाटकातल्या शिमोगा भागात ओळखला गेला. २०१६ पासून शेजारच्या सिंधुदुर्गात, दोडामार्ग बाजूला त्याचे रुग्ण सापडले आहेत. तो गोचिडांमुळे पसरतो, मुख्यतः डिसेंबर ते मे या काळात, म्हणजे नेमका आपला फील्डचा हंगाम. परिसरात माकडं मेलेली दिसली तर ती जागा सोडा आणि आरोग्य किंवा वन विभागाला कळवा, हात लावू नका. पाऊस सरताना झुडपांतून स्क्रब टायफसचा धोका असतो. फील्डवरून आल्यावर ताप आला तर डॉक्टरांना "मी जंगलात होतो" हे पहिल्या वाक्यात सांगा. निदान त्यावरून लवकर होऊ शकतं.

आता गुण द्या

नकार यादीतून जे पर्याय उरतील त्यांनाच गुण द्या. इथे भरपाई चालते: पाणी थोडं लांब आहे पण सावली चांगली, हे मान्य. पण वजन देताना सर्वात जास्त वजन एकाच गोष्टीला: ठरवलेल्या प्लॉटपर्यंत वेळेत पोचता येणं. बाकी पिण्याचं पाणी, सावली, चार्जिंग, रेंज, सोबतीला मिळणारा स्थानिक माणूस.

लक्ष्मी तलावाच्या परिसरात वरचाच पक्ष्यांचा अभ्यास करायचा आहे असं धरून तीन प्रकारच्या जागा तपासू. पहिली, पाणी उतरल्यावर उघडी पडलेली सपाट गाळपेर. फोटोला सुंदर, पण जूनमध्ये पाणी परत चढतं, जमीन दुसऱ्याच्या ताब्यात आणि सगळे वरचे प्लॉट लांब. नकार यादीतच गेली. दुसरी, सडा. वरचे प्लॉट जवळ, पण वीज आणि वनस्पती, दोन्ही कारणांनी रद्द. तिसरी, जंगलाच्या कडेच्या वाडीतली भाड्याची खोली, दोन्ही गटांच्या साधारण मधे. दृश्य काही खास नाही, पहाटे कोंबडा आरवतो. पण दोन्हीकडचे प्लॉट तासाभराच्या चालीत, विहिरीचं पाणी आहे, गाडी दारात येते आणि वाट माहीत असलेला माणूस शेजारी राहतो. क्रम रोज उलटा केला की पहाटेची वेळ दोन्ही गटांना सारखी मिळते.

म्हणजे सर्वात चांगला कॅम्प कधी कधी तंबूचा नसतोच. हे ऐकून थोडा हिरमोड होतो, पण डेटा सुधारतो.

दोन बारीक गोष्टी. दरीचा तळ टाळा. स्वच्छ, वारा नसलेल्या हिवाळी रात्री उतारावरची थंड हवा जड असल्याने खाली वाहते आणि तळाशी साचते. तिथे थंडी आणि दव जास्त, थोडं वर उतारावर गेलात तर उबदार. तुमचा तापमानाचा लॉगर अशा तळाशी, कॅम्पशेजारी सोयीने टांगला असेल, तर तो "जंगलाचं तापमान" मोजत नाही, त्या खळग्याचं मोजतो. दुसरी गोष्ट, कॅम्पचा स्वतःचा परिणाम. दिवा, आवाज, वास यामुळे जनावरं दूर राहतात किंवा उष्ट्यासाठी जवळ येतात. कॅमेरा ट्रॅप आणि ध्वनिमुद्रक कॅम्पपासून लांब ठेवा. शौचासाठी खड्डा पाण्यापासून किमान ६० मीटर दूर, १५ ते २० सेंटिमीटर खोल. पाण्याच्या नमुन्यांवर काम करत असाल, तर हा स्वच्छतेइतकाच डेटाचाही प्रश्न आहे. पिण्याचं पाणी खळखळून उकळलेलंच.

वाडीत विचारा, आणि नीट विचारा

नकाशावर जे दिसत नाही ते वाडीतल्या माणसांना माहीत असतं. पण "इथे धोका आहे का?" असं विचारलंत तर उत्तर येतं, "न्हाई वो, काय न्हाई." ते तिथे जन्मभर राहिलेत, त्यांच्या लेखी खरंच काही नाही. म्हणून प्रश्न नेमका ठेवा. "मामा, गेल्या पावसात पाणी कुठवर आलतं?" "आक्का, सांजच्याला गवं कुठल्या वाटेनं उतरत्यात?" "मे महिन्यात या झऱ्याला पाणी असतं का?" "कुणाला पान लागलं तर कुठल्या दवाखान्यात नेता?" बोट दाखवून दिलेलं उत्तर जीपीएसवर तिथेच नोंदवा. वेळ घ्या, चहा घ्या, आणि ज्यांचा दिवस मोडला त्यांना मजुरी द्या.

प्रबंधात काय लिहायचं

बहुतेक प्रबंधांत "अभ्यासक्षेत्र" या प्रकरणात पाऊस, माती, वनस्पती यांवर पानंच्या पानं असतात आणि कॅम्पबद्दल एक ओळही नसते. तुम्ही चार वाक्यं लिहा: मुक्काम कुठे होता आणि का निवडला, प्लॉट आधी ठरले की नंतर, प्लॉटचं कॅम्पपासूनचं कमीत कमी आणि जास्तीत जास्त अंतर, मोजणीचा क्रम कसा बदलला आणि कोणते प्लॉट कोणत्या कारणाने गाळले. कुणी दहा वर्षांनी तीच पाहणी परत करायला निघालं तर त्याला याच चार वाक्यांची गरज पडेल. आणि जिथे तुम्ही पोचलाच नाहीत, तिथल्याबद्दल निष्कर्ष काढू नका. "राधानगरी अभयारण्यात असं आढळलं" आणि "मुक्कामापासून चार किलोमीटरच्या आत असं आढळलं" या दोन वाक्यांत फरक आहे. दुसरं वाक्य खरं असेल, तर तेच लिहा.

हे सगळं एकदम राधानगरीत करून बघायची गरज नाही. एखाद्या रविवारी सकाळी कळंबा तलावावर जा. उपग्रहाच्या चित्रातली ऑक्टोबर आणि मे महिन्याची पाणीरेषा मोबाइलवर घ्या, जमिनीवर तिच्या खुणा शोधा, उतार मोजा आणि काठापासून तीस मीटरवरची जागा पाण्यापेक्षा किती उंच आहे ते काढा. दोन तासांचं काम आहे. ते जमलं की गाईडकडे जाताना हातात तंबूचा फोटो नको, प्लॉटचा नकाशा आणि तुमची नकार यादी असू दे.